कुंपणावरून चांदमिनार

"काकू, ही सीताफळं घ्या. दौलताबादची आहेत. काल पाहुण्यांना किल्ला दाखवून आणला."

"दुबईचे जावई ना? चढले का वरपर्यंत?"

"कशाचं काय! किल्ल्यातल्या अंधारी बोगद्यातूनच माघारी फिरले. खाली चांदमिनारापाशी आले अन् म्हणतात कसे, आमचा बुर्ज खलिफा 828 मीटर, हा किती? मी आपली गप्प."

"गप्प का बसलीस? सांगायचं, सुमारे 63 मीटर. आजच्या हिशेबानं वीस मजले झाले. 1445 साली, क्रेन नाही का लिफ्ट नाही. कुतुबमिनार साडेबहात्तर मीटर. म्हणजे आपला नऊ-दहा मीटरनंच कमी!"

काकू इतिहास शिकवून रिटायर झाल्या, पण तास काही संपलेला नाही. हातातला झारा ठेवून त्या भिंतीला टेकल्या, तेव्हाच ओळखलं, आज माझं वरण करपणार.

"पण काकू, एवढी निमुळती वस्तू इतकी वर्षं पडली कशी नाही?"

"निमुळती आहे म्हणूनच. बुडाशी रुंद, वर बारीक, सगळं वजन खाली. त्यात अंग गोल, वारा कडेनं निघून जातो. बुर्जवाल्यांनी तरी काय केलं? तीन पाकळ्यांचा आराखडा घेतला आणि वर जाताना एकेक टप्पा मागं घेतला. वाऱ्याला कुठंच एकसारखा जोर धरू दिला नाही."

"आणि मिनाराला चारच मजले?"

"चार. मध्ये मध्ये सज्जे, माथ्यावर घुमटी. पायथ्याशी छोटी मशीद आहे, तिथं इराणी धाटणीच्या निळ्या चकाकत्या फरशा लावल्या होत्या. थोड्या अजून दिसतात. पाहिल्या का जावयांनी?"

"सेल्फीतून डोकं वर निघालं तर पाहतील. मला मात्र एक कळेना. शेजारी 200 मीटरचा डोंगर उभा असताना पायथ्याशी मिनार बांधायची हौस कशाला?"

"आता विचारलंस खरं! किल्ला जिंकल्याची खूण म्हणून अलाउद्दीन अहमदशहा बहमनीनं बांधला, असं सगळीकडं सांगतात. पण बहमनी राज्यच मुळी 1347 साली दौलताबादेत सुरू झालं. किल्ला यांच्या हातात येऊन शंभर वर्षं होत आली होती. मग विजय कसला?"

"मग हो?"

"माझं मत सांगते, पटलं तर घे. तोवर राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला गेली होती. मालक लांब राहायला गेला की जुन्या वाड्यावर नवी पाटी लावतो. डोंगर यादवांचा, गाव तुघलकानं 1327 साली दिल्लीकर आणून भरलेलं. बहमनींचं स्वतःचं असं लांबून दिसणारं काय होतं तिथं? बांधला मिनार."

"डोंगर यादवांचा कसा? तो तर देवाचा."

"माथा देवाचा, कडा यादवांचा! खालचा उतार छिन्नीनं तासून काढला, जवळजवळ 50 मीटरची सरळ भिंत झाली. घोरपडसुद्धा चढेना. आणि वेरूळला बघ. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कारागिरांनी आठव्या शतकात कैलास आधी कळसाकडून धरला अन् खाली कोरत नेला, मागच्या बाजूला शंभर फुटांपर्यंत. आपल्याकडं उंची मिळवायची तर खालचं काढून टाकायचं, ही इथली रीत. काळा दगड एवढा अख्खा अन् घट्ट, की बांधण्यापेक्षा कोरणं बरं वाटावं. त्या सगळ्यात दगडावर दगड चढवून एकटा वर निघाला तो हा मिनार. म्हणून तो परका वाटतो, आणि म्हणूनच नजरेत भरतो."

"म्हणजे जावयांना सांगायचं काय?"

"सांग, तुमचा बुर्ज वर गेला, आमच्याकडं लोक खाली गेले आणि तरी उंच झाले. मोजायची पट्टीच वेगळी."

"हे त्यांना पटायचं नाही. त्यांना मिनारावर चढायचं होतं. बंद आहे म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं."

"बंद आहे ते बरंय. नाही तर कुणी तरी वर बदाम काढून नाव कोरलंच असतं. बरं, कोपऱ्यावरच्यांनी तिसरा मजला टाकलाय, पाहिलंस? आत राहायला माणसं दोनच."

"तेही बहमनीच म्हणा की."

"बहमनींना एक बरं होतं, मिनारावर नळ न्यायचा नव्हता. इथं आठवड्यानं पाणी येतं, ते तळमजल्यावर चढेना. तिसऱ्या मजल्यावर गृहप्रवेश कधी करतात तेवढं विचार. पेढे आणायचे आहेत, का टँकर?"