सोपवा आणि सुखी व्हा

व्यग्र असणं ही हल्ली प्रतिष्ठेची गोष्ट आहे. पूर्वी 'काय, कसं काय?' म्हटलं की समोरचा 'बरं चाललंय' म्हणून पुढे जायचा. आता तो 'अहो, श्वास घ्यायला फुरसत नाही' असं सांगतो आणि ते सांगण्यात आपला अर्धा तास खातो. अशा फुरसत नसलेल्या मंडळींसाठी रविवारी वातानुकूलित सभागृहात शिबिरं भरतात. सकाळी उपमा-चहा, हातात फोल्डर, व्यासपीठावर कानाला माइक लावलेले गुरुजी. सहा तासांच्या शिबिराचं सार तीन आज्ञांत मावतं: सोपवा, आखा, वेळापत्रक पाळा. तीन आज्ञा सांगायला सहा तास का लागतात, हे विचारायचं नसतं. त्या रविवारी शिबिरार्थींच्या घरी दळण कोण आणतं, हेही विचारायचं नसतं. ते सोपवलेलं असतं.

पहिली आज्ञा सोपवण्याची. पडद्यावर चार घरांचा चौकोन उमटतो. आडवं-उभं तातडीचं आणि बिनतातडीचं, महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं. जे तातडीचं आहे पण महत्त्वाचं नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. चौकोनाला नाव अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचं. गंमत अशी, की १९५४ साली इव्हान्स्टनच्या भाषणात त्यांनी तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला तो एका माजी कॉलेज-अध्यक्षांच्या नावावर. आणि चौकोन घरोघरी पोचवला स्टीफन कोवी यांनी, १९८९ च्या पुस्तकातून. विचार एकाचा, मेहनत दुसऱ्याची, नाव साहेबांचं. डेलिगेशनचा याहून चोख नमुना गुरुजींना दुसरा मिळाला नसता.

सोपवल्यावर पुढे काय होतं, ते नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ सालीच 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहून ठेवलं आहे. कामाने दमलेला एक साहेब असतो. त्याला हाताखाली माणूस हवा असतो. एकच घेतला तर तो उद्या बरोबरीला येईल, म्हणून तो दोन घेतो. ते दोघे यथावकाश दमतात, त्यांनाही प्रत्येकी दोन मिळतात. मग एक टपाल येतं. ते याच्याकडून त्याच्याकडे जातं, कोणी मसुदा करतो, कोणी त्यात भर घालतो, कोणी खोडतो. शेवटी साहेब सगळी भर काढून टाकतात, व्याकरण सुधारतात आणि हाताखाली कोणीच नसतं तर जे उत्तर लिहिलं असतं, तेच लिहितात. सातही जण दिवसभर राबतात आणि साहेब दिवेलागणीला, थकून, कृतार्थ होऊन घरी निघतात. हे नुसतं विनोदाने नाही म्हटलेलं. पार्किन्सनने ब्रिटिश आरमाराचा हिशेबच दिला: १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि आरमाराच्या कचेरीतले अधिकारी दोन हजारांवरून ३,५६९ झाले. जहाजं बुडवायला शत्रूची गरजच उरली नाही.

आपणही कमी नाही. महाराष्ट्रात सरकारी कामातल्या दिरंगाईवर २००५ सालचा कायदा आहे. त्याचं नाव: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. विलंबाला प्रतिबंध नावापासून सुरू करायला हरकत नव्हती, पण असो. कायदा उत्तम आहे. कोणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस. अतितातडीची असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आता फाइल आपल्याकडे पडून राहू नये, याचा सोपा उपाय म्हणजे ती दुसऱ्याकडे सरकवणं. सहाव्या दिवशी 'कृपया चर्चा करावी' असा शेरा मारला की झालं. ती तिकडे सात दिवस राहते आणि 'चर्चा केली, सादर' होऊन परत येते. दुसऱ्या विभागाला विचारावं लागत नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, विचारावं लागत असेल तर तीन महिन्यांत, अशीही तरतूद आहे. त्यामुळे दुसऱ्या विभागाला विचारण्याची गोडी एकाएकी का लागते, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं शिकून शिबिरार्थी गृहस्थ सोमवारी कामाला लागतात. कामाला म्हणजे तक्त्याला. फ्रिजवर चुंबकाने एक कागद लागतो. रकाने चार: काम, जबाबदारी, मुदत, स्थिती. सिलिंडर बुक करणे: आई. शाळेची सहल, फी, टोपी: आई. आजींच्या गोळ्या: आई. प्लंबरला फोन: आई, आणि कंसात 'रागावून बोलणे'. गृहस्थांच्या नावापुढे एकच काम असतं: आढावा. तो दर रविवारी, सोफ्यावरून, चहा पीत घेतला जातो. 'प्लंबरचं काय झालं?' असं विचारलं की तो पूर्ण होतो.

आई आपल्यापुरतं डेलिगेशन करते ते कामाच्या मावशींना. भांडी, केर-लादी, कपडे वाळत घालणं, आणि दिवाळी जवळ आली की 'मावशी, तेवढे पंखे पुसाल का?' मावशी चार घरची कामं धरतात, म्हणून त्यांच्या स्वतःच्या घरचं सोपवतात थोरल्या मुलीला. ती आठवीत असते. पाणी आलं की भरायचं, धाकट्याला शाळेतून आणायचं, भात टाकायचा. तिच्या खाली कोणी नाही. सोपवण्याची प्रत्येक साखळी कुठेतरी संपते, आणि जिथे संपते तिथे फ्रिजही नसतो, तक्ताही नसतो. शिबिराच्या फोल्डरमध्ये या टोकाचा पत्ता दिलेला नसतो.

घरकाम कोणाच्या वाट्याला किती येतं, याचा हिशेब सरकारने ठेवला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पुरुषांपैकी शंभरात २६ जणांनी असं काही काम केलं होतं, आणि त्यांची जात होती ९७ मिनिटं. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली. बायकांची २८९ निघाली, पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी तत्परतेने आपलीही नऊ वाचवून घेतली. समानता म्हणतात ती हीच.

दुसरी आज्ञा आखणीची. आखणी करणारा माणूस नेहमी आशावादी असतो, कारण आखताना काम करावं लागत नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली या आशावादावर बोट ठेवलं आणि त्याला नियोजनाचा भ्रम म्हटलं. कानमन यांनी त्याचा स्वतःचाच दाखला दिला आहे. इस्रायलमध्ये शाळेसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. किती वेळ लागेल, असं विचारल्यावर सगळ्यांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास आले. त्याच गटात एक अनुभवी शिक्षणतज्ज्ञ होते. अशा इतर गटांचं काय झालं, असं त्यांना विचारलं तर ते म्हणाले, बऱ्याच जणांनी सोडून दिलं, बाकीच्यांना सात ते दहा वर्षं लागली. हे माहीत असूनही त्यांचा स्वतःचा अंदाज दोन वर्षांचाच होता. पुस्तकाला शेवटी आठ वर्षं लागली, आणि ते वापरलं कधीच गेलं नाही.

आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटत नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूचं भूमिपूजन १९९९ साली झालं, पाच वर्षांत व्हायचा तो २००९ च्या जूनमध्ये खुला झाला, तोही आधी निम्म्याच मार्गिकांचा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि कोकणातल्या चाकरमान्याला तेव्हापासून दर गणपतीला पुढच्या गणपतीचा वायदा मिळत आला आहे.

या भ्रमावर कानमन यांनी जो उतारा सांगितला, तो असा: आपलं काम किती वेगळं आहे याचा विचार सोडा, तशाच कामांना इतरांना किती वेळ लागला ते बघा. हा उतारा आमच्याकडे कित्येक वर्षं एका वहीत आहे. प्रत्येक घराण्यात एक आत्या असते. तिच्याकडे मागच्या लग्नाची वही असते, कव्हरला किराणा दुकानाच्या कॅलेंडरचा कागद घातलेली. आत शाई पसरलेल्या अक्षरात नोंदी: 'साडेतीनशे पानं सांगितली, चारशे दहा उठली. मठ्ठा कमी पडला. जिलबी उरली. गुरुजींना आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करणे. वरमाईच्या खोलीत आरसा नव्हता.' नव्या लग्नाच्या वेळी तरुण मंडळी लॅपटॉपवर रंगीत तक्ते करतात, इव्हेंटवाल्याला बोलावतात, आणि आत्या कोपऱ्यात तांदूळ निवडत 'मठ्ठा जास्त सांगा हो' एवढंच म्हणते. ते कोणी ऐकत नाही. मठ्ठा कमी पडतो. आत्या वहीत लिहून ठेवते.

तिसरी आज्ञा वेळापत्रकाची. इथे आपली जात वेगळीच आहे. डोंबिवलीहून ८:१७ ची फास्ट पकडणारा माणूस ८:१८ ची भाषा बोलत नाही, डबा कुठे उभा राहतो हे त्याला चपलेच्या अंतरात माहीत असतं. तोच माणूस ऑफिसात पोचला की अकराची मीटिंग साडेअकराला सुरू करतो आणि तिच्यात पुढच्या मीटिंगची तारीख ठरवतो. लग्नाचा मुहूर्त १२:३७ चा असतो, सवाबारालाच सगळे तयार असतात, मग उरलेली बावीस मिनिटं कोणाच्या तरी काकांच्या स्वरचित मंगलाष्टकाने भरून काढावी लागतात. जितका वेळ असेल तितकं काम फुगतं, हा पार्किन्सनचा नियम त्या मांडवात अक्षता हातात धरून ताटकळलेल्या प्रत्येकाला मान्य असतो.

इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. त्याचं जगभर तंत्र झालं. आपल्याकडे दोन पिढ्यांनी कुकरच्या तीन शिट्ट्यांवर अख्खी सकाळ बसवली, त्याचं तंत्र झालं नाही, वरण झालं. संध्याकाळच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर पिशवी पसरून मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, आणि तेवढ्यात फोनवरून मुलाला 'दुसऱ्या कप्प्यात आहे बघ' असंही सांगितलं जातं. त्या बाईला व्याख्यानाला कोणी बोलावत नाही. बोलावलं तरी ती येणार नाही; तिला रविवारी दळण आणायचं असतं.

शिबिराच्या तीनही आज्ञांत एक गोष्ट गुरुजी सांगत नाहीत. काम सोपवता येतं, पण ते काम आहे ही आठवण घरात एकाच डोक्यात राहते. सिलिंडर आणायला कोणीही जाईल. तो कधी लावला होता, किती दिवस पुरतो, मध्ये पाहुणे आले होते म्हणून या वेळी लवकर संपेल, हे कोणी एक जण लक्षात ठेवत असतो म्हणून तर बाकीच्यांना शिबिराला जायला रविवार मोकळा मिळतो. ज्यांच्या डोक्यात हे सगळं आहे, त्यांना तक्ता लागत नाही. ज्यांनी तक्ता लावला आहे, त्यांच्या डोक्यात तक्त्याखेरीज काही नाही.

तेव्हा वाचकहो, 'मी काही मदत करू का?' असं घरात विचारणं आजपासून बंद करा. तो प्रश्न म्हणजेही समोरच्या माणसाला दिलेलं आणखी एक काम आहे. स्वयंपाकघरात जा, वाकून सिलिंडर थोडा हलवून बघा. हलका लागला तर कोणालाही न सांगता बुक करा. आणि केल्याचं तक्त्यावर लिहू नका.