प्रतिमा उघडू नये, बसवावी

डिस्क इमेज म्हणजे डिस्कची प्रतिमा. एवढी व्याख्या ज्याला मनापासून पटली, त्याने पुढचे मार्गदर्शन वाचले नाही तरी चालेल. पण असा माणूस विरळा. बहुतेकांच्या हाती शेवटी डॉट आयएसओ लिहिलेली चार-पाच जीबीची फाइल पडते आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'ही कशात उघडते?' विधी बिघडतो तो इथेच. वर्डची फाइल उघडते, डबा उघडतो, प्रतिमा उघडत नाही. भाद्रपदात मूर्ती घरी आणल्यावर ती कशात उघडायची, असे कोणी विचारत नाही, गणपती बसवतात. संगणकवाल्यांनीही या कामाला 'माउंट' हेच क्रियापद दिले आहे आणि त्याला 'बसवणे' हा अस्सल मराठी शब्द आपल्याकडे आयता पडून आहे. तो सोडून आपण 'उघडणे' धरून बसलो, आणि या फाइलींच्या बाबतीतल्या निम्म्या तक्रारी त्या एका क्रियापदातून निघाल्या आहेत, असा प्रस्तुत मार्गदर्शकाचा दावा आहे.

पुरावा फाइलीच्या पोटातच आहे. आयएसओ हे नाव ज्या संस्थेच्या १९८८ सालच्या ९६६० क्रमांकाच्या मानकावरून आले, तिच्याच ९००१ची पाटी आपल्याकडे कारखान्याच्या फाटकावर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर झळकते. मात्र आयएसओ फाइल म्हणजे मानांकित फाइल, असा अर्थ कृपया काढू नये. या मानकाप्रमाणे डिस्कचे २०४८ बाइटांचे सेक्टर पडतात. त्यांतले पहिले सोळा, म्हणजे ३२,७६८ बाइट, यंत्रणेसाठी राखून ठेवलेले आणि पुष्कळदा निव्वळ कोरे असतात. त्यानंतर एक बाइट सोडून 'सीडी००१' ही पाच अक्षरे येतात. ज्याला काहीही करून ही फाइल उघडायचीच आहे, त्याने ती मजकूर वाचणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये घालावी आणि कोऱ्या सेक्टरांचे दर्शन घेत या पाच अक्षरांपर्यंत पोचावे. पुढे जे दिसेल ते वाचण्याचा आग्रह धरू नये. डिस्कवरचे सेक्टर होते त्या क्रमाने उतरवून घेतले की ही फाइल होते. म्हणजे तिच्यात कागद नाहीत, कागदांसकट अख्खे कपाट आहे, आणि कपाट वाचत नाहीत, भिंतीला लावून उभे करतात.

आता प्रत्यक्ष विधी. यजमानाकडे विंडोज ८ किंवा त्यानंतरची आवृत्ती असावी, म्हणजे २०१२च्या अलीकडची. फाइलीवर दोनदा क्लिक करावे. संगणक तात्काळ कल्पनेतला एक ड्राइव्ह मांडतो, त्याला रिकामे असलेले एखादे अक्षर देतो आणि त्या मखरात प्रतिमा बसवतो. ड्राइव्ह खोटा, डिस्क खोटी, आतल्या फाइली मात्र खऱ्या. आपल्याकडे याला मानसपूजा म्हणतात आणि ती अवैध कोणी ठरवलेली नाही. विधी एवढाच. तो इतका आखूड आहे की श्रद्धाळूंचे समाधान होत नाही, म्हणून ते आधी फाइली पिळून काढणारे एखादे साधन उतरवून घेतात. साधन सगळ्या आयएसओ फाइलींवर स्वतःचे चिन्ह चिकटवते आणि दोनदा क्लिक केले की आता तेच पुढे येते. (अशा साधनांपैकी विनरारची चाचणीची मुदत चाळीस दिवसांची असते, बऱ्याच घरांत हे चाळीस दिवस काही वर्षे पुरले आहेत.) मग 'आयएसओवर क्लिक केले तरी ड्राइव्ह दिसत नाही' ही तक्रार येते. त्यावर उतारा म्हणजे उजवे बटण दाबून 'ओपन विथ'मधून विंडोज एक्सप्लोरर निवडणे.

यावर आक्षेप असा, की पिळून काढले तरी फाइली हाती लागतातच, मग बसवण्याचा हट्ट कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एखादे पत्रक हवे असेल तर खुशाल पिळावे. पण विंडोजच्या स्थापनेच्या डिस्कवर दोन रचना शेजारी-शेजारी नांदतात आणि ज्या साधनाला फक्त जुनी ९६६० कळते, त्याला चार जीबीच्या प्रतिमेतून 'रीडमी' नावाचे एकुलते एक पत्रक मिळते. त्यात मजकूर काय, तर ही डिस्क यूडीएफ रचनेची आहे, ती समजणारी यंत्रणा आणा. एवढे पिळून हाती लागते ते हे उत्तर! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डॉट एनआरजी, डॉट एमडीएफ, किंवा बिन आणि क्यू यांची जोडी विंडोज बसवूनच घेत नाही. खरे आहे. बिनमध्ये बहुधा सेक्टरचे २३५२ बाइट जसेच्या तसे असतात, दुरुस्तीच्या खुणांसकट. त्यांना वेगळा पुरोहित लागतो. पण तोही प्रतिमा बसवतोच, उघडत नाही, तेव्हा मूळ दाव्याला धक्का पोचत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. बसवणे इतके सोपे, तर कोणाचीही प्रतिमा बसवावी का? अजिबात नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज 'परक्याची' अशी अदृश्य खूण करते. प्रतिमेवर ती होई, पण आतल्या फाइलींपर्यंत ती झिरपत नसे. बिलाच्या नावाने आयएसओ पाठवणाऱ्या लबाडांनी याचा पुरेपूर फायदा उचलला आणि मायक्रोसॉफ्टने ही फट बुजवली ती नोव्हेंबर २०२२मध्ये. कोणतेही बिल कपाटात घालून पाठवण्याची गरज नसते, एवढा व्यवहार लक्षात ठेवावा.

राहिले विसर्जन, आणि नेमके तेच लोक विसरतात. मॅकवर तर डॉट डीएमजी बसवून, आतले ॲप बाहेर न काढता, मखरातच ते चालवणारे महाभाग आहेत. विंडोजवर काम झाले की ड्राइव्हवर उजवे बटण दाबून 'इजेक्ट' म्हणावे. तसे न करता फाइल पुसायला गेल्यास ती सिस्टिममध्ये उघडी असल्याचे कळवले जाते (पाहा, संगणकही तेच चुकीचे क्रियापद वापरतो) आणि पुसणे नाकारले जाते. आळशी यजमानाचे विसर्जन संगणक पुन्हा सुरू होताना आपोआप होते, फाइल मात्र डाउनलोडच्या फोल्डरात तशीच राहते. पुढच्या खेपेला ती आठवत नाही, नवी उतरते, आणि एकाच नावापुढे कंसात १, २, ३ लिहिलेल्या प्रतिमा रांगेने जमतात. त्यांतली बसलेली कोणती, हे ओळखायचे तर एकेक पुसत जावे. जी जायला नकार देईल ती.