विकणे आहे: शौकिनांनीच फोन करावा

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकणं आणि विकायला काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला कुणाच्या मार्गदर्शनाची गरज नाही. भंगारवाला दारात येतो, चाकाला लाथ मारतो आणि वजनावर सौदा तोडतो. दुसऱ्याला मात्र अभ्यास लागतो. गाडी वर्षानुवर्षं बाजारात असावी, लांबलांबून माणसं बघायला यावीत, चहा होत राहावा आणि गाडी चिंचेखालून तसूभर हलू नये, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. खरोखर विकायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

गाडी म्हणजे अर्थातच महिंद्राची उंच बोनेटची जीप. मागचं हूड उतरवून तिथे पत्र्याचा हौदा आणि साखळीचा फाळका बसवलेली. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे एखाद्या वस्तीवर अशी एक तरी असतेच. दुधाचे कॅन, उसाचं बेणं, निवडणुकीतले कर्णे आणि अडलेली बाळंतीण, हे सगळं तिने कधी ना कधी वाहिलेलं असतं. निदान गिऱ्हाइकाला तसं सांगायचं असतं.

सुरुवात जाहिरातीपासून. ‘रनिंग कंडिशन’ असं बेधडक लिहावं. उताराच्या दिशेने ती कुठलीही गाडी असते. ‘पेपर क्लिअर’ लिहू नये, ‘पेपरचं होऊन जाईल’ असं लिहावं. किंमत ‘समक्ष’. फोटो सकाळी, उजव्या बाजूने. डाव्या बाजूला गेल्या वर्षी लावलेली लांबी पावसाळ्यात फुटून आता पोपडे धरते, ते गिऱ्हाइकाने जागेवर येऊन पाहावं, तेवढाच त्याचा प्रवास सत्कारणी लागतो. हौद्यात अंड्यावर बसलेली कोंबडी फोटोत आली तर येऊ द्यावी. तिला उठवलं तर घरात भांडण होतं.

आता ‘ओरिजिनल’ या शब्दाची तयारी. फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. उत्तर ‘हो’ असंच द्यावं, कारण या गाडीतली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या गाडीची ओरिजिनल असतेच. बोनेट उंच आहे ते मूळच्या हरिकेन पेट्रोल इंजिनामुळे. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच झालं आणि त्यासाठी अमेरिकेत विलीजने 1953 साली बोनेटच वर उचललं. ते इंजिन आपल्या गाडीतून कधीच गेलं. पेट्रोलचा भाव वाढला, मिस्त्रीने डिझेल इंजिन आणून बसवलं, तेही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. गिअरबॉक्स दुसऱ्या जीपची, मागचा ॲक्सल लष्कराच्या लिलावातला, सीट कुठल्या तरी टेम्पोच्या. चेसिस नंबर तेवढा जन्मापासूनचा, आणि तोही गंजामुळे अर्धाच वाचता येतो.

इतिहास मात्र तोंडपाठ हवा. 1945 साली लुधियानात महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्याबरोबर ‘महिंद्रा अँड महंमद’ ही पोलादाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 साली इकडे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं, आद्याक्षरं काही बदलावी लागली नाहीत. त्याच काळात मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली. एवढं सांगून होईपर्यंत चहा येतो. मग ओघात ‘ही दुसऱ्या महायुद्धातली’ असं म्हणायचा मोह होईल, तो आवरावा. हल्लीची मुलं अभ्यास करून येतात. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या खाचा असायच्या, नागरी जीपला सात. मुलगा काही न बोलता बोनेटपुढे वाकतो, बोटाने खाचा मोजतो आणि सात म्हणून सरळ होतो. अशा वेळी ‘महायुद्धाच्या काळातल्या डिझाइनची, असं म्हणत होतो मी’ असं पुटपुटावं आणि त्याला बिस्किटं द्यावीत.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा: ट्रायल. गाडी सुरू होण्याबद्दल आधीच वातावरणनिर्मिती करावी. हिटर दाबून धरावा आणि आकडे मोठ्याने मोजावेत. वीसच्या आत सुरू झाली तर ‘आज खुशीत आहे’, नाही झाली तर ‘थंडी आहे’, आणि मे महिना असेल तर ‘उन्हाने डिझेल पातळ होतं’. धक्का मारायला माणसं हाकेच्या अंतरावर पेरून ठेवलेली असावीत, पण ती योगायोगाने जवळच होती असं दिसावं.

एकदा सुरू झाली की रस्त्यावर नेऊ नये, शेतात न्यावी. नांगरलेलं, नुकताच पाऊस झालेलं, वर चढ असलेलं रान निवडावं. पायाशी तीन दांडे असतात: एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना ताकद जोडणारा आणि एक हाय-लोचा. आधी पुढचा ॲक्सल जोडायचा, मगच लो पडतो. उलट करायला गेलात तर दांडा हलतसुद्धा नाही, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आपल्याकडे बघत असतं. लो पडला, पहिल्यात टाकली आणि क्लच सोडला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घ्यावा. मांडी घालून बसता आलं तर उत्तमच. गाडी आपल्याआपण, घरघर करत, चिखल चारी चाकांनी मागे फेकत, चढ चढू लागते. एखाद्या हट्टी म्हशीसारखी तिला घाई नसते आणि थांबायचंही नसतं. बाजूचा मुलगा डॅशबोर्डचा दांडा घट्ट धरतो आणि हसायला लागतो. ते हसू पाहिलं की समजावं, हा आता पुढच्या रविवारी पुन्हा येणार.

परतताना डांबरी लागली तर पुढचा ॲक्सल आठवणीने सोडवावा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत मध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे ते अंतर सावरायला कुणीच नसतं. चिखलात टायर घसरून हिशोब मिटवतं. डांबरीवर स्टिअरिंग दगडासारखं होतं, टायर किंचाळतं आणि ट्रान्सफर केस पोटातून कण्हते. त्याला ‘पॉवरफुल आवाज’ म्हणता येत नाही, कितीही प्रयत्न केला तरी.

कागदपत्रांचा विषय गिऱ्हाइकाने काढू नये यासाठी आपणच काढावा. नंबर तीन अक्षरी, म्हणजे 1989 च्या आधीचा. तो प्रेमाने पुसून दाखवावा. आरसीत ‘जीप’ लिहिलंय आणि समोर पिकअप उभी आहे, इंजिन नंबर एक आणि इंजिन दुसरंच, हे ‘आरटीओत आपला माणूस आहे’ या वाक्याखाली झाकावं. शहरातला शौकीन इथे ‘व्हिंटेज’ नोंदणीचं नाव काढतो. 2021 च्या नियमानुसार 50 वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. इथे ट्रॅक्टरच्या घराण्याकडे पाहून दोघांनीही थोडा वेळ गप्प बसावं. शिवाय अशा गाडीला रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणं अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आपल्या गाडीचं ॲव्हरेज पाहता तिचा बराचसा प्रवास तसाही शेवटच्या सदरात बसला असता, असं सांगून गिऱ्हाइकाला धीर द्यावा.

मग भाव.

“काका, फायनल काय?”

“तुम्ही बोला.”

“गाडी तुमची, तुम्हीच सांगा.”

“आकडा सांगून गाडीचा अपमान नाही करायचा मला.”

हे असं दिवेलागणीपर्यंत चालू शकतं. गिऱ्हाइकाने आकडा सांगितलाच, तर तो कितीही असो, गेल्या दिवाळीत एकजण याच्यापेक्षा जास्त देऊन गेला असता, असं म्हणावं. मग देऊन का गेला नाही, हा प्रश्न येतो. ‘माणूस बरोबर वाटला नाही’ हे उत्तर ठरलेलं.

इथवर सगळं सुरळीत पार पडतं. खरा धोका घरातून असतो. पुण्याला नोकरी करणारा आपला मुलगा सुट्टीला येतो, त्याला चिंचेखाली स्वतःची कार लावायची असते, आणि तो आपल्याला न विचारता, सौदा तोंडी मान्य करून, फोनवरच विसार घेऊन बसतो. ‘आबा, रविवारी न्यायला येतायत’ असं तो जेवताना सांगतो. आरडाओरडा करू नये, भाकरी मोडत राहावं. रविवारी ते लोक आले की किल्ली मुकाट्याने हातात द्यावी, स्वतः बाजूला उभं राहावं. हिटर दाबून वीसच काय, दोनशे मोजले तरी काही होणार नाही. बॅटरीची कुठली वायर कुठून सुटते हे त्या घरात एकाच माणसाला माहीत असतं, आणि त्याला त्या दिवशी नेमकं ऐकू कमी येतं.