लग्नांचे क्वालिटी इन्स्पेक्टर

निगडी प्राधिकरणात, यमुनानगरात, चिंचवडच्या संभाजीनगरात किंवा मोशीकडे नव्याने वर आलेल्या सोसायट्यांत, थोडक्यात कंपनीची बस जिथे जिथे थांबते तिथे तिथे, हे काका एक तरी असतातच. ओळखायची खूण सोपी. गेटच्या जाळीला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पाटी असते: ‘जुन्या सीडी, डीव्हीडी मोबाईलमध्ये घालून मिळतील. लग्न, मुंज, बारसे, डोहाळजेवण. सिनेमे करणार नाही.’ शेवटचं वाक्य लाल स्केचपेनने. त्यांचं खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलेलं असतं. बाकी सगळ्या वस्तीला ते डीव्हीडीकाका.

सगळं आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलेलं. कोणी टेल्कोत (कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण या पिढीने अजून तशी नोंद घेतलेली नाही), कोणी आकुर्डीत स्कूटरच्या लाइनवर, कोणी भोसरीतल्या एखाद्या व्हेंडरकडे. आकुर्डीतली लाइन 2007 साली थांबली, कोणाला व्हीआरएस मिळाली, कोणी वयाने सुटलं. हाताला व्हर्नियर धरायची सवय राहिली आणि मापायला काही उरलं नाही. असा माणूस दिवसभर घरात असणं धोक्याचं. पहिल्या महिन्यात काकांनी पोळ्यांचे व्यास मोजले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी आमटीच्या फोडणीला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं आणि ‘सायकल टाइम जास्त आहे’ असा शेरा मारला. तिसऱ्या महिन्यात काकूंनी मुलाचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं.

माल भरपूर होता. 1962 साली पिंपरी-चिंचवडला एमआयडीसी आली, 1972 साली प्राधिकरण स्थापन झालं. लातूर, जळगाव, सातारा, सांगलीकडची पोरं आली, कायम झाली आणि बोहल्यावर चढली. ‘परमनंट’ हा शब्द या गावात पत्रिकेतल्या छत्तीस गुणांच्या तोडीचा होता. या लग्नांच्या सुरुवातीला कॅसेट निघाल्या, मग कॅसेटच्या व्हीसीडी झाल्या, मग डीव्हीडी. त्या पैठणीच्या घडीत नीट ठेवल्या गेल्या. आणि मग एके वर्षी लॅपटॉपवाल्यांनी तबकडी घालायची फटच बंद केली. पैठणीतलं लग्न पैठणीतच अडकलं. काकांकडे मात्र तबकडी वाचणारे पाच ड्राइव्ह आहेत, सगळे कुदळवाडीच्या भंगारातून वेचून आणलेले. त्यातला एक फक्त ओरखडे पडलेल्या तबकड्या वाचतो, एकाला सकाळी थापटी मारावी लागते, आणि एक फक्त सोन्याच्या रंगाच्या डीव्हीडी स्वीकारतो. त्याला काका ‘जावई’ म्हणतात.

गिऱ्हाईक आलं की आधी इनवर्ड इन्स्पेक्शन.

“काका, एवढी आमच्या लग्नाची डीव्हीडी मोबाईलमध्ये टाकून द्या ना.”

“ठेव तिथे. वरच्या बाजूला बॉलपेनने कोणी लिहिलं?”

“मिसेसने. का हो?”

“टोकाने थर दबतो. डीव्हीडीत माल मधल्या थरात असतो. घरी सांग.”

मग तबकडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली जाते. मऊ फडकं मधून कडेकडे फिरतं. गोल फिरवलेलं काकांना चालत नाही, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावत जातो आणि ड्राइव्हला चुका दुरुस्त करायला जागाच सोडत नाही. आडवा ओरखडा तो सहज ओलांडून जातो. नंतर जॉबकार्ड भरलं जातं: ‘ओरखडे तीन. कडेला पांढरेपणा. हळदीचे बोट एक (जुने).’ पैसे नावाला. गिऱ्हाइकाला सही मात्र करावी लागते.

काकांना एकच शत्रू आहे. प्रत्येक घराला हिंजवडीला आयटीत असलेला एक भाचा असतो, आणि काकांकडे येणारा निम्मा माल या भाच्याने आधी हात लावून ठेवलेला असतो. डीव्हीडीत व्हिडिओ एका सलग फाइलमध्ये नसतो. व्हीओबी नावाच्या फाइली असतात, प्रत्येक एक जीबीपर्यंतची, आणि जीबी भरला की आत काय चाललंय याची पर्वा न करता ती फाइल तुटते. भाच्याने त्या तशाच पेनड्राइव्हवर ओढलेल्या असतात. त्यामुळे ‘शुभमंगल’ एका फाइलमध्ये आणि ‘सावधान’ दुसऱ्या. मधे टीव्ही रिमोटची वाट बघत थांबतो आणि अक्षता हवेत. जरा हुशार भाचा फाइलच्या नावातलं व्हीओबी खोडून एमपीफोर असं लिहितो आणि काम झालं म्हणून सांगतो. “पाटी बदलली म्हणून लेथचं मिलिंग मशीन होत नाही,” काका म्हणतात. तिसरा भाचा सगळं जोडून पाच जीबीची एक फाइल करतो, ती 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर बसत नाही, आणि मामी पेनड्राइव्हवाल्याला शिव्या देतात. दोष पेनड्राइव्हच्या जुन्या मांडणीचा असतो. एफएटी32 चार जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. शिवाय तबकडीवर 4.7 जीबी छापलेलं असताना कॉम्प्युटर 4.38 का दाखवतो, मधला माल कोणी ठेवून घेतला, हा संशय काकांना दर महिन्याला निस्तरावा लागतो.

काकांचं हत्यार म्हणजे हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर. गाड्यांच्या गावाला शोभेलसंच नाव आहे. एरिक पेटिट नावाच्या माणसाने ते 2003 साली सुरू केलं आणि त्याची 1.0 आवृत्ती निघाली डिसेंबर 2016मध्ये. “तेरा वर्षं ट्रायल रन! याला म्हणतात कंपनी,” असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, सॉफ्टवेअरच्या चिन्हावर अननस आणि दारूचा ग्लास का आहे, हे मात्र कोणी विचारलं तर विषय बदलतात. त्यात दर्जाचा आकडा असतो आणि तो जितका कमी तितका दर्जा वर. पोरांना हे उलटं वाटतं, मायक्रॉनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला सुलटंच.

एकेकाळी हीच लग्नं नोकियाच्या बोटभर पडद्यावर बसवायची असत. 176 बाय 144 ठिपक्यांच्या थ्रीजीपीत नवरा, नवरी आणि भटजी यांत फरक करायला चाल बघावी लागे. आता पडदे मोठे झालेत आणि मागण्या विचित्र. “काका, व्हॉट्सॲपवर टाका ना.” पूर्वी तिथे 16 एमबीचा दंडक होता. काका हिशोब मांडून दाखवत: तीन तासांचं लग्न 16 एमबीत कोंबलं तर नवरी धुक्यातून येते आणि धुक्यातच जाते. यूट्यूबचं सुचवलं तर काका हात जोडतात. लग्नाच्या डीव्हीडीत स्टुडिओवाल्याने हिंदी सिनेमाची सात-आठ गाणी भरलेली असतात, आणि गाण्याचा मालक तिथे झोपलेला नसतो. वरात मुकी होण्याची खात्री.

काकांचा खरा कस लागतो तो चाकणकडचा माल आल्यावर. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे इकडून येणारी डीव्हीडी लग्नाची असेलच असं नाही, बैलगाडा शर्यतीची असते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014मध्ये शर्यती बंद केल्या त्या डिसेंबर 2021पर्यंत बंद होत्या. तेवढी वर्षं खेड तालुक्यातल्या शर्यतीच्या घाटांवर गवत वाढलं आणि जुन्या डीव्हीडींचा भाव चढला. मालक तबकडी दोन्ही हातांत धरून येतो, चप्पल बाहेर काढतो.

“काका, आमचा सर्जा आहे यात. आता तो नाही. तेवढी बारी मोबाईलमध्ये पाहिजे.”

बारी म्हणजे दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. पुढे घोडी, मागे बैल, भंडाऱ्याचा पिवळा लोट, आणि खेळ खलास. आणि नेमका इथेच एक जुना दोष उपटतो. त्या काळचा कॅमेरा सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रं घेत नसे. पन्नास अर्धी घेई. आधी विषम ओळी, मग पन्नासाव्या भागाने सम ओळी. डबा टीव्हीवर ते बेमालूम दिसे. मोबाईल दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, आणि तेवढ्या वेळात धावता बैल पुढे सरकलेला असतो, म्हणून पायांना फणीचे दात फुटतात. लग्नात हे खपतं, कारण लग्नात आहेराच्या रांगेखेरीज काही हलत नाही आणि तीही हळू. घाटात खपत नाही. भाच्याने ओळींचा क्रम उलटा धरला होता, त्यामुळे सर्जा दोन पावलं पुढे आणि एक मागे असा नाचत नाचत घाट चढत होता. मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हे, संतापाचं.

काकांनी दोन रात्री घातल्या. अर्ध्या चित्रांची जोडी न लावता प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र केलं, सेकंदाला पन्नास. फाइल फुगली. पण सर्जाचा खूर कुठे पडला तेही दिसायला लागलं. मालकाने ती बारी तिथेच उभ्याउभ्या परत परत पाहिली आणि घरी गेल्यावर एक पोतं बटाटे पाठवले. एवढं कौतुक काकांना कधी लग्नाने मिळवून दिलं नाही, आणि कारण उघड आहे. बैलगाडावाले व्हिडिओ बघतात.

लग्नवाले बघत नाहीत. गिऱ्हाईक घाईने येतं, ‘अहो, तबकडी खराब होईल, एवढं महत्त्वाचं आहे’ म्हणतं, फाइल मोबाईलमध्ये घेतं आणि जन्मात उघडत नाही. काकांना मात्र फायनल इन्स्पेक्शन केल्याशिवाय ओके टॅग लावता येत नाही, आणि सॅम्पल तपासणीवर त्यांचा विश्वास नाही. शंभर टक्के माल डोळ्याखालून जातो. त्यामुळे पिंपरी-चिंचवडातली शेकडो लग्नं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलेला एकमेव माणूस मागच्या खोलीत बसलेला असतो. गुलाबाच्या फुलातून उगवणारी नवरी, धबधब्याकाठी ढकललेला नवरा, पंगतीत हॅलोजन मारल्यावर घास अर्ध्यात थांबवणारे मामा, सगळं. गावाकडच्या एका लग्नाच्या तीन डीव्हीडी होत्या, त्यातली पहिली संपूर्ण पुढाऱ्यांच्या सत्काराची. शाल, श्रीफळ, फेटा, शाल, श्रीफळ, फेटा. नवरदेव दुसऱ्या डीव्हीडीत येतो. काकांनी एकही सत्कार पुढे ढकलला नाही. “मधेच एखादी फ्रेम गेली असती तर?”

याचा भार पडतो काकूंवर. कॉम्प्युटरला नाईट शिफ्ट लावलेली असते आणि आवाज तपासायला काका स्पीकर लावतात. रात्री दीडला मागच्या खोलीतून सनई ऐकू येते, अडीचला पाठवणीचा आक्रोश. नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात दार वाजवून, “वहिनी, सगळं ठीक आहे ना?” असं विचारलं होतं. काकू शांत म्हणाल्या, “ठीक आहे हो, दौंडची मुलगी सासरी चाललीय.” सुटका गुरुवारी. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्या दिवशी कोणी सासरी जात नाही.

सिनेमाचं काम मात्र नाही म्हणजे नाही. 2007च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हापासून घरोघर थप्प्या पडल्यात. ती कंपनी 2018 साली अवसायनात निघाली, थप्प्या आहेत तिथेच. विकतच्या तबकडीला बहुधा कुलूप असतं. नॉर्वेतल्या एका शाळकरी वयाच्या पोराने 1999 साली ते उघडून दाखवलं हे काकांना ठाऊक आहे, पण आपल्याकडे 2012 साली कॉपीराइट कायद्यात 65ए कलम आलं हेही ठाऊक आहे. चोरीच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. “लग्नाला कुलूप नसतं,” काका सांगतात. काकू आतून खोकतात.

एवढं पाहिल्यावर माणूस साक्षीदार होतो. प्राधिकरणातल्या बागेत अनोळखी बाईकडे बघून काका म्हणतात, “तुम्ही भोसरीच्या हळदीत नाचला होतात, मोरपंखी साडी.” बाई दचकते, नवरा त्याहून. आहेरात चांदीची समई कोणी दिली होती यावरून दोन घरांत वाद पेटला, तेव्हा निवाडा काकांनी केला: दुसरी डीव्हीडी, जेवणाच्या आधी, समई नव्हे निरांजन, आणि ते द्यायला मामाच उठले होते. त्यापलीकडे ते बोलत नाहीत. कोणत्या नवरीच्या चेहऱ्यावर काय होतं, कोणता नवरा सारखा मंडपाच्या दाराकडे बघत होता, हे विचारलं तर म्हणतात, “मी फक्त फणीचे दात बघतो.”

अलीकडे उलटी कामंही येतात. एक गृहस्थ तबकडी घेऊन आले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

“काका, यातून आमच्या साडूला काढता येईल का?”

कारण काकांनी विचारलं नाही. डीव्हीडी पूर्ण पाहिली, दुसऱ्या दिवशी जॉबकार्ड पुढे ठेवलं. “होमात तूप त्यानेच दिलंय, ते कापता येईल. फेऱ्यांत कडेला उभा आहे, तेही जमेल. पण अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात आहे.”

“मग?”

“त्याला काढला तर अंतरपाट खाली येतो. मुहूर्त दहा बेचाळीसचा, तुमचं लग्न लागणार दहा एकोणचाळीसला. मी असा माल बाहेर सोडत नाही.”

“मग निदान चेहरा तरी धूसर करा.”

काकांनी तबकडी पाकिटात घातली, जॉबकार्डावर ‘परत’ लिहून त्यांची सही घेतली.

“धूसर पाहिजे असेल तर भाच्याकडे द्या. तो सगळ्यांचेच करून देईल.”