जन्मसाल काय?

जुनी माणसं नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि तिसऱ्या प्रश्नाला सोयरीक काढतात. आमच्या कोथरूडच्या स्काऊटकाकांना यातल्या कशाशीही देणंघेणं नाही. ते थेट विचारतात, "जन्मसाल काय रे तुझं?" पोर साल सांगतं. "आणि महिना?" खरी परीक्षा इथे असते. मुलांच्या फुटबॉलमध्ये वयोगटाची रेघ 1 जानेवारीला ओढतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा म्हणजे काकांच्या लेखी राजयोग. डिसेंबरच्या पोरापेक्षा तो अकरा महिने जास्त जेवलेला असतो. काकांचा स्वतःचा मुलगा 29 डिसेंबरचा. तीन दिवस कळ काढली नाही म्हणून त्यांनी काकूंना अजून माफ केलेलं नाही.

स्काऊटकाका हे नाव पोरांनी पाडलं. तसं त्यांना कुठल्याही क्लबनं नेमलेलं नाही. सरकारी नोकरीत त्यांनी एकतीस वर्षं कालव्यांची मोजमापं घेतली. आता रविवारी सकाळी साडेसहाला घडीचं स्टूल, छत्री, पोह्यांचा डबा आणि शंभर पानी वही घेऊन ते मैदान गाठतात. मुलांच्या मॅचला प्रेक्षक असे कितीसे असणार? दोन्हीकडचे आईबाप, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, एक कुत्रं आणि काका. यातल्या कुणाचेच ते नातेवाईक नसल्यामुळे पालक आपापसात ठरवून टाकतात की हा माणूस कुठल्यातरी बड्या क्लबचा असणार. मग दोन्ही बाजूंनी चहा येतो. एखादी आई सहज सांगितल्यासारखं करत म्हणते, "आमचा तो अकरा नंबर. काल ताप होता हो त्याला." काका मान डोलावतात आणि वहीत काहीतरी लिहितात. आपण कुणाचे नाही असं ते कधी सांगत नाहीत, आणि आहोत असंही म्हणत नाहीत. चहा मात्र दोन्हीकडचा पितात.

त्यांच्या शेजारी बसून मॅच बघणं ही शिक्षा आहे. गोल होतो, सगळे ओरडतात, आणि काका भलतीकडेच बघत असतात. "चेंडू काय बघतोस? चेंडू गोल असतो, त्यात बघण्यासारखं काय आहे? तो लेफ्ट बॅक बघ. पास यायच्या आधी त्यानं दोनदा मान वळवून मागे बघितलं." मी बघतो. लेफ्ट बॅक नाकात बोट घालून उभा असतो. "आता नाही, मघाशी," काका म्हणतात.

वय चोरणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धांमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय ठरवतात, हे त्यांनी मला निदान पंधरा वेळा समजावलं आहे. एक्स-रेचं यंत्र हाताशी नसल्यानं ते पोटऱ्यांवरचे केस बघतात. "हा तेराचा? हा दाढी करून आलाय. गालाला साबण लागलाय बघ अजून!" एकदा त्यांनी एका मिसरूड फुटलेल्या धिप्पाड पोराबद्दल पंचांकडे तक्रार नेली. तो लाइनमन निघाला.

आता वहीविषयी. मुलांच्या जर्सीवर नावं नसतात, नंबर असतात, आणि मॅच बदलली की नंबरही बदलतात. ज्याला जी जर्सी बसेल ती त्यानं घालायची. त्यामुळे काकांच्या नोंदी अशा : "नंबर 7. डावा पाय. सुसाट. बूट ढिले." "नंबर 4. शांत. पाणी फार पितो." "नंबर 10. हा खेळणार!!" नाव नाही, गाव नाही. या पद्धतीचा फायदा मला फार उशिरा कळला. लालियानझुआला छांगटे 2022-23 साठी देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, त्या संध्याकाळी काका वही घेऊन माझ्या दारात. छांगटे मूळचा मिझोरमचा, पण उमेदवारीची वर्षं त्यानं पुण्यात डीएसके शिवाजीयन्सच्या अकादमीत काढली होती. "हे वाच," काका म्हणाले. मी वाचलं. नंबर 7, डावा पाय, सुसाट. "काका, हा छांगटेच कशावरून?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी निमूटपणे बूट ढिले असल्याचंही मान्य केलं. त्याच नंबर 7 वर त्यांनी आजवर आणखी दोघांचा शोध लावला आहे.

तरी त्यांची थट्टा करताना मी एका मर्यादेपलीकडे जात नाही, कारण पुण्यात हा छंद जोपासायला काळीज लागतं. पुणे एफसी 2007 साली निघाला. आय-लीगमध्ये 2012-13 ला दुसरा आला, आणि मामुर्डीला त्यांची अकादमी होती. काका दोन बस बदलून तिथे जायचे. 2015 मध्ये क्लब बंद पडला. तोवर शिवाजीयन्सवाल्यांनी थेट लिव्हरपूलशी जोडून घेतलेली अकादमी उभी राहिली होती, ती लोणी काळभोरला. म्हणजे एक अकादमी मुंबईच्या वाटेवर आणि दुसरी सोलापूरच्या. काकांनी बसचा पास बदलला. पुढे तोही क्लब आटोपला. उरला आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. तिथे काका जरा रुळतात न रुळतात तोच 2019 मध्ये त्यानंही गाशा गुंडाळला, आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी उतरला. बारा वर्षांत तीन क्लब! माणसं एका क्लबवर जन्म काढतात. काकांनी ज्या दारापुढे स्टूल मांडलं त्या दाराला कुलूप लागलं. काकू म्हणाल्याच, "तुम्ही आता घरीच बसा. एखादा क्लब वाचेल तरी."

हैदराबादनं 20 मार्च 2022 ला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, पेनल्टींवर केरळा ब्लास्टर्सला हरवून आयएसएल जिंकली तेव्हा काकांनी चाळीस पेढे वाटले. "आपलीच टीम आहे, फक्त बदली झाली," असं त्यांचं म्हणणं. सरकारी माणसाला बदलीचं वाईट वाटत नाही. शिवाय त्या संघात अनिकेत जाधव होता, आपल्या कोल्हापूरचा. 2017 मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला त्यात खेळलेला.

काकांच्या आनंदावरून आठवलं. पुणे एफसीच्या अकादमीत केरळच्या मलप्पुरमहून आलेला आशिक कुरुनियन नावाचा मुलगा होता. 2016 मध्ये तो स्पेनला, व्हियारेआलच्या तिसऱ्या संघाबरोबर शिकायला गेला. काकांना ही बातमी फोनवर कळली आणि ते हर्षभरित होऊन घरभर ओरडत सुटले, "माझा आशिक स्पेनला गेला!" त्या वेळी काकूंचं महिन्याचं भजनी मंडळ हॉलमध्ये बसलेलं होतं. पुढचे दोन महिने भजन दुसऱ्यांच्या घरी झालं.

गंमत अशी की यातला कुणी एकदा मोठा झाला, टीव्हीवर दिसू लागला, की काकांचा रस संपतो. छांगटे मुंबई सिटीकडून अंधेरीला खेळतो म्हणून मी एकदा तिकिटं काढली. काका नको म्हणाले. "दुकानात मांडलेला आंबा काय बघायचा? बघावा तर मोहोर." काकू देवगडच्या. त्या आतून म्हणाल्या, "मोहोर गळतो किती, ते नाही बघत."

गळालेला एक मोहोर मी पाहिला आहे. "हा खेळणार!!" असा दोन उद्गारचिन्हांचा मान मिळालेला 2012 च्या वहीतला नंबर 10. अठरापर्यंत तो भारताकडून खेळेल असं काकांनी लेखी दिलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याचा गुडघा गेला. आता तो बाणेरला एक टर्फ चालवतो. हिरवं प्लास्टिकचं गवत, चारही बाजूंना जाळी, वर झगझगीत दिवे, तासाचं भाडं आगाऊ. काका गेले की तो खुर्ची पुसून देतो आणि भाड्यावरून वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतो, "हळू बोला, सर बसलेत." कोण सर, कुठले सर, हे कुणी विचारत नाही.

परवा रात्री मीही गेलो होतो. अकरा वाजून गेलेले. कुठल्याशा कंपनीतली दहा सुटलेली पोटं चेंडूमागे धावत होती. धावत होती म्हणजे एक पळायचा आणि नऊ जण त्याला "पास दे, पास दे" म्हणायचे. काका पेंगत होते. तेवढ्यात चष्मा लावलेल्या, टक्कल पडू लागलेल्या एका गृहस्थांनी चेंडू यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघितलं, डाव्या पायानं तो अलगद थांबवला आणि समोरच्याच्या दोन पायांमधून काढून पुढे नेला. पुढे जाऊन पडले, ते सोडा.

काका खडबडून जागे झाले. जाळीला नाक लावून त्यांनी हाक मारली, "अहो! जन्मसाल काय?"

गृहस्थ गुडघे चोळत उठले. "एकोणनव्वद," ते धापा टाकत म्हणाले. "का हो?"

"आणि महिना?"

"जानेवारी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि वही उघडली.