मोठे बाबू आणि सहावा गठ्ठा

गेल्या पौषात शेतावरून चुलतभावाचा फोन आला. ‘दादा, पऱ्हाटी ठेवू का उपटू?’

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. वेचे संपले की ते उपटून रान मोकळं करायचं, की पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची, असा हा पेच. या दुसऱ्या प्रकाराला फरदड म्हणतात, आणि फरदड म्हणजे गुलाबी बोंडअळीला मुक्कामाचं आमंत्रण, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. पण भावाला ऐकीव चालत नाही, लेखी लागतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं या विषयावरचं काहीतरी मोठ्या बाबूंनी मला एकदा दाखवलं होतं. निदान ‘दाखवतो’ असं म्हटलं होतं. म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. इथेच माझं चुकलं.

मोठे बाबू हे नाव नव्हे, हुद्दा. पुसदमध्ये कार्यालयातल्या वरच्या कारकुनाला मोठे बाबू म्हणतात, आणि तो निवृत्त झाला तरी हुद्दा त्याच्याबरोबर घरी येतो. आमच्या मोठ्या बाबूंबरोबर सहा गठ्ठेही आले. सरकारी दप्तराशी ज्यांचा संबंध आला नाही अशा भाग्यवंतांना सहा गठ्ठ्यांची पद्धत माहीत नसेल. टेबलावरच्या तमाम कागदांचे सहा ढीग करायचे: चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. शिवाय प्रत्येक कागदाला वर्ग असतो. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचा, ‘ब’ म्हणजे 30 वर्षं, आणि असं उतरत ‘ड’ म्हणजे एका वर्षात नष्ट. बाबूंनी हयातभर लाल फडक्यात कागद बांधले. निवृत्तीनंतर फडकी सुटली आणि हातांना चैन पडेना. तेवढ्यात त्यांना इंटरनेट सापडलं. एवढा पसारा आणि एकही गठ्ठा नाही, हे पाहून त्यांना झोप लागली नसणार.

आज त्यांच्याकडे 11,846 दुवे आहेत. आकडा त्यांनीच सांगितला, तोही नमस्काराच्या आधी.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. नोकरीत असताना सक्तीची एमएस-सीआयटी परीक्षा देताना त्यांना ब्राउझरमधल्या बुकमार्कचा शोध लागला. पुढे डेलिशस नावाच्या संकेतस्थळाची गाठ पडली. 2003 साली निघालेल्या या ठिकाणी कोणीही कोणत्याही पानाला हवं ते लेबल, म्हणजे टॅग, लावू शकत असे. याहूने ते 2005मध्ये विकत घेतलं, मग विकलं, मग ते हस्ते-परहस्ते फिरलं आणि 2017मध्ये त्यात नवी भर घालणं बंद झालं. बाबूंनी आपलं चंबूगबाळं उचलून पॉकेट गाठलं. तेही 8 जुलै 2025ला बंद झालं. त्या दिवशी बाबू जेवले नाहीत, असं काकू सांगतात. आता सगळा संसार रेनड्रॉपमध्ये आहे. तिथली जास्तीची वर्गणीही ते भरतात, कारण त्यात मेलेले दुवे शोधून मिळतात. काकूंना ती वर्गणी त्यांनी ‘लायब्ररीची फी’ म्हणून सांगितली आहे.

प्रत्येक बदलीत दुव्यांची एक फाइल काढून नव्या घरी न्यावी लागते. ही फाइल उघडून दाखवणं हा बाबूंचा आवडता कार्यक्रम. तिच्या पहिल्याच ओळीत ‘नेटस्केप’ असं लिहिलेलं असतं. नेटस्केप हा ब्राउझर 2008मध्येच वारला, पण आजही क्रोम काय नि फायरफॉक्स काय, बुकमार्कांची फाइल देताना कपाळावर त्याचंच नाव घालतात. ‘आजोबा जाऊन वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर नाव त्याह्यचंच,’ बाबू म्हणतात. ‘वारसनोंद करायले कोणाले सवड नाई.’

फोल्डर आणि टॅग यांतला फरक मला त्यांच्याइतका सोपा कोणी सांगितला नाही. फोल्डर म्हणजे गठ्ठा. एक कागद एकाच गठ्ठ्यात. टॅग म्हणजे लग्नपत्रिका. एकच मामा निमंत्रकांत असतो, व्यवस्थापकांत असतो, आप्तेष्टांत असतो आणि खाली ‘माझ्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ म्हणणाऱ्या पोरांच्या ओळीतही असतो. मामा एकच, सापडतो चार ठिकाणी. समजूत पक्की होती. घोटाळा झाला तो पत्रिका छापताना.

उदाहरणार्थ वसंतराव नाईक. आमच्याच तालुक्यातल्या गहुलीचा माणूस, 1963 ते 1975 मुख्यमंत्री, 1 जुलै हा त्यांचा जन्मदिवस कृषिदिन म्हणून पाळतात. मग त्यांच्यावरच्या लेखाला टॅग कोणता? बाबूंनी लावले ते असे: नाईक, नाईकसाहेब, गहुली, पुसद, मुख्यमंत्री, माजी मुख्यमंत्री, दिवंगत मुख्यमंत्री, शेती, कृषी, कृषि, दिनविशेष, जुलै. लेख दोन परिच्छेदांचा होता. पुढे 1991 ते 1993 मुख्यमंत्री असलेले सुधाकरराव नाईक आले. तेही गहुलीचेच, तेही नाईकच. त्यामुळे ‘नाईक’ हा टॅग फोडून त्याचे पोटहिस्से पाडावे लागले. गावाने दोन मुख्यमंत्री दिले याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. वर्गीकरणाचा त्रास मात्र बाबूंनी एकट्याने सोसला.

वाचतात कधी, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मी तो एकदा विचारला होता. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं ते अभिलेख कक्षाच्या रखवालदाराला ‘यातले किती कागद वाचलेस?’ असं विचारल्यासारखं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्यावर त्यांची श्रद्धा आहे. 1931 साली रंगनाथनांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम म्हणजे पुस्तकं वापरासाठी असतात. या नियमांवरचा एक उत्तम लेख बाबूंकडे आहे. तो दुसऱ्या गठ्ठ्यात, ‘वाचायचे आहे’ या टॅगखाली सात वर्षांपासून प्रतीक्षेत आहे.

आमच्या तालुक्याच्या कडेला पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. त्यात पाणी साठतं आणि कालव्यांनी लांब शेतापर्यंत जातं. बाबूंचं धरण काठोकाठ आहे. कालवा तेवढा मंजूर नाही.

असो. मी गेलो तेव्हा काकूंनी तुरीच्या उकडलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. बाबूंनी लॅपटॉप उघडला.

‘पऱ्हाटी ठेवायची का उपटायची, त्याच्यावरचं ते पान पाहिजे होतं,’ मी म्हटलं.

‘कोणत्या सालातलं पायजे तुले?’

‘कोणत्याही.’

‘असं मोघम नको मांगत जाऊ बाप्पा.’

त्यांनी ‘पऱ्हाटी’ टाइप केलं. तीन दुवे आले. पहिला पऱ्हाटीच्या काड्यांपासून कांडी कोळसा करण्याचा. दुसरा उघडेना, त्याच्यापुढे ‘कै.’ असा टॅग होता. बाबू मेलेला दुवा काढत नाहीत. एका अमेरिकन पाहणीत, 2013मध्ये असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं 2023 येईतो गायब झाल्याचं आढळलं होतं. ते वाचल्यापासून, म्हणजे त्याचं शीर्षक वाचल्यापासून, त्यांनी हा टॅग सुरू केला. ‘ड’ वर्गाचे कागद एका वर्षात नष्ट करायचे असतात हे मी आठवण करून दिलं, तर म्हणाले, ‘कोणाच्या मंजुरीनं?’ आतून काकू म्हणाल्या, ‘माह्या मंजुरीनं! करा एकदाचे नष्ट.’ पण काकू सक्षम प्राधिकारी नाहीत, असं बाबूंचं मत पडलं. तिसरा दुवा एका लग्नाच्या मंगल कार्यालयाचा होता. तो तिथे कसा आला, याची चौकशी प्रलंबित आहे.

‘पन्नासच्या वर होते राजा,’ बाबू पुटपुटले. मग एकदम गप्प झाले. मग कबुली दिली.

दिवाळीत त्यांनी टॅगांची साफसफाई काढली होती. यादीत ‘पऱ्हाटी’ दोनदा दिसलं. एकाखाली 61 दुवे, दुसऱ्याखाली 3. अक्षर न् अक्षर सारखं. मतदारयादीत दुबार नाव आढळावं तसं त्यांना वाटलं आणि त्यांनी जुनी नोंद रद्द केली. आता इथे संगणकाने मराठी माणसाशी एक जुना खेळ केलेला आहे. ‘पऱ्हाटी’तला हा अर्धा ‘र’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याच्या मागे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह. कागदावर जुळे, यंत्राच्या लेखी परके. बाबूंचा जुना कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेने लिहायचा, नवा मोबाइल पहिल्या तऱ्हेने लिहितो. ‘ॲ’चंही तेच. ‘ऱ्हस्व’ हा शब्दसुद्धा दोन तऱ्हांनी ऱ्हस्व आहे. आयुष्यात ज्यांनी एक चिटोरं फाडलं नाही, त्यांच्या हातून अशा रीतीने 61 पानांची नावं गेली. पानं आहेत, अकरा हजारांत कुठेतरी बिननावाची बसली आहेत.

‘नोंद नसलेला कागद म्हणजे हरवलेलाच,’ बाबू म्हणाले. आवाज खरोखर पडला होता. मला शेंगा सोलताना वाईट वाटलं.

मग आम्ही शोधायला बसलो. ‘कापूस’खाली 900च्या वर दुवे होते, ‘कपाशी’खाली वेगळे, ‘कापुस’ असा चुकीच्या उकाराचाही एक टॅग होता आणि त्यात दोनच दुवे, पण दोन्ही ‘अ’ वर्गाचे. गुलाबी बोंडअळी ‘रंग’ या टॅगखाली निघाली. ‘बोंडअळी’ या टॅगखाली मात्र काहीच नव्हतं. दोन तास गेले. शेंगा संपल्या, चहा झाला, दुसरा चहा झाला. तोवर भावाचा फोन आला. कृषी केंद्रावरच्या पोराला विचारून त्याने सकाळीच रान मोकळं करायला मजूर लावले होते.

मी बाबूंना सांगितलं. त्यांनी माझी मागणी कधी आली नि कधी मिटली, ते वहीत लिहिलं, पुढे ‘निकाली’ असा शेरा मारला आणि ते प्रकरण पाचव्या गठ्ठ्यात टाकलं. सहावा गठ्ठा अजून कोरा आहे.

कोणाला काही जुनं पान हवं असेल तर बाबू रोज संध्याकाळी सहानंतर घरी असतात, आणि आल्यागेल्याला चहा मिळतो. येताना काय हवं ते कागदावर लिहून आणावं, ऱ्हस्व-दीर्घासह.