ॲडमिन सुटला, ग्रुप अडकला

नागपूरच्या धरमपेठेतल्या कुठल्याही गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप जन्माला येतो तो फार सात्त्विक कारणासाठी. नळ किती वाजता येणार, कचरागाडी का आली नाही, लाइन फक्त आपलीच गेली की शेजाऱ्याचीही गेली याचं समाधान. पुढे तोच ग्रुप सूर्योदय, सुविचार आणि भारताचा दुरुस्त इतिहास पुरवू लागतो आणि उद्या पाणी नाही ही खबर गुलाबांच्या ढिगाऱ्याखाली दबून मरते. याचा दोष आपण सदस्यांना देतो. तो अन्याय आहे. सदस्य शंकरनगरात, रामनगरात आणि न्यू जर्सीतही सारखेच असतात. ग्रुप बिघडतो तो ॲडमिन फार भला माणूस असल्यामुळे, असं माझं मत आहे.

या भल्या माणसाला कायद्याचं अभय आहे, आणि ते मिळालं आपल्याच सिव्हिल लाइन्समधून. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्यानं महिला सदस्याबद्दल अर्वाच्य भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरच गुन्हा दाखल झाला. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. ॲडमिनला सदस्य घेता येतात आणि काढता येतात, मजकूर पडण्याआधी तपासता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याचं दिसत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. निकाल रास्तच आहे. पण समस्त ॲडमिनवर्गानं त्यातून ‘आपल्याला काही करायचं नाही’ एवढंच उचललं. न्यायालयानं त्यांना शिक्षेतून सोडवलं होतं, कामातून नाही. शिवाय ‘माझ्या हातात काय आहे?’ ही सबबही आता जुनी झाली. फक्त ॲडमिननंच लिहावं ही सोय 2018 पासून आहे आणि दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याचा अधिकार 2022 मध्ये आला.

भांडण कसं वाढतं ते जरा जवळून बघा. सकाळी कोणीतरी एक फॉरवर्ड टाकतं. पहिलं उत्तर सभ्य असतं: ‘काकाजी, हे खोटं आहे.’ दुसरं जरा तिरकं: ‘खोटं कसं, माझ्या साळ्यानं पाठवलं.’ तिसऱ्यात साळा येतो, चौथ्यात साळ्याचा पक्ष, आणि पाचव्यात 1947. मधेच एक बिचारी बाई गॅसवाल्याचा नंबर विचारते. तिच्याकडे कोणी बघत नाही. रात्री अकराला ॲडमिन हात जोडलेल्या चित्रासह ‘सर्वांनी संयम राखावा’ असं लिहितो, आणि प्रत्येक जण समजतो की हे समोरच्याला सांगून राहिले. शेवटी ॲडमिनच्या पडद्यावर ती करडी ओळ उमटते: अमक्यांनी ग्रुप सोडला. ॲडमिनचं खरं काम दुसऱ्या उत्तरापाशीच होतं. साळ्याच्या मेहुण्याला सरळ फोन करायचा: ‘भाऊ, तेवढं काढून टाका न जी.’ चारचौघांत टोकलं की माणूस अडून बसतो. एकट्यात सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात, निदान दुपारपर्यंत. नागपुरात वर्षभराची पीडा तान्ह्या पोळ्याला मारबतीसोबत वाजतगाजत शहराबाहेर नेतात. ग्रुपला अशी वार्षिक सोय नाही, तिथे रोजच्या रोज झाडावं लागतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोकशाही आहे, बोलू द्या. पण अध्यक्ष नसलेल्या सभेत लोकशाही नांदत नाही, ज्याचा घसा मोठा त्याचं राज्य चालतं. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरवर एकदा सभा चालवायची पाळी आली आणि ती सभा त्याच्या हाताबाहेर गेली. त्यानं पुढे सभा चालवायच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं, ते 1876 मध्ये निघालं आणि आजही वापरात आहे. हाताबाहेर गेलेली ती सभा तर चर्चमधल्या मंडळींची होती. आपल्या गल्लीकडून जास्त अपेक्षा कशाला? आपल्याकडे राज्यघटनेच्या 189 व्या कलमानं विधानसभेच्या अध्यक्षाला पहिल्या फेरीत मतच नाकारलंय; बरोबरी झाली तरच त्याचं निर्णायक मत. खुर्चीवर बसणाऱ्यानं वादात उतरू नये, हे इतक्या वरच्या पातळीवर लिहून ठेवावं लागलं. आपला ॲडमिन मात्र एका हातानं वाद घालतो आणि दुसऱ्या हातानं समोरच्याचे मेसेज पुसतो.

म्हणून दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: ॲडमिन हुकूमशहा झाला तर? होतो, अगदी हमखास होतो. त्यावर उपाय एकच, ॲडमिन दोन नेमा, आणि दोघांचं राजकारणावर पटत नसावं. एकमेकांना विचारल्याशिवाय पुसायचं नाही, एवढं त्यांनी ठरवावं. मग जे दोघांनाही खटकेल तेच पुसलं जाईल, आणि ते पुसण्यासारखंच असेल. नियम तीन ओळींचे असावेत, ग्रुपच्या माहितीत लिहिलेले, आणि ॲडमिनच्या सासऱ्यालाही लागू.

राहता राहिली शुभ सकाळ. भारतातले फोन का तुंबतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना कारण सापडलं ते सुप्रभाताची चित्रं, अशी बातमी 2018 मध्ये जगभर गाजली. तरी इथे मी जरा मवाळ आहे. मुलं पुण्याला किंवा परदेशात असलेल्या, बंगल्यात एकट्या राहणाऱ्या आजींचा गुलाब म्हणजे त्या आज नीट उठल्याची खबर असते. तो बंद करू नये, वेगळा ग्रुप काढून तिथे फुलू द्यावा. आणि दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी दार वाजवावं.

तेव्हा धरमपेठेतल्या समस्त ॲडमिन मंडळींना विनंती, की निकालाची ती बातमी ग्रुपवर पुन्हा फॉरवर्ड करण्याआधी दुसरा ॲडमिन नेमा. आणि त्या बाईंना गॅसवाल्याचा नंबर अजून मिळालेला नाही, तो तेवढा द्या.